आतून लागणारी कडी

गेल्या महिन्यात एका जिल्हा बैठकीत चहाच्या वेळी एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला हसत हसत विचारलं, "काय ताई, गाडीवर बंगला बांधलात म्हणे! मज्जा आहे तुमची." आजूबाजूचे चौघेजण हसले. मीही हसले. असल्या वेळी आपण हसतो, ती आपली जुनी सवय. रात्री घरी आल्यावर मात्र मला स्वतःचाच राग आला. तेव्हा जे बोलायचं राहून गेलं ते आता लिहून काढते आहे. हे उत्तर त्या एका गृहस्थांना नाही. आपल्यातल्याही काहीजणींना हा 'बंगला' चैनीचा वाटतो, हे मला ठाऊक आहे.

आधी तो बंगला म्हणजे काय ते सांगते. आमच्या गटानं एक जुनी पिकअप घेतली आणि तिच्या हौद्यात बसेल अशी एक खोली वेल्डिंगच्या दुकानात बांधून घेतली. ही खोली गाडीला कायमची जोडलेली नाही. चार पायांवर तिला उभी करायची, खालून गाडी काढून घ्यायची. काम झालं की गाडी परत खाली घालायची आणि खोली साखळ्यांनी बांधून पुढच्या गावाला जायचं. आत दोघींना झोपण्यापुरत्या फळ्या, कोपऱ्यात आडोसा करून संडास, साठ लिटर पाणी, एक दिवा आणि दाराला आतून कडी. बंगल्याचं वर्णन इथेच संपलं.

आता ही खोली का लागली ते सांगते.

मी समाजकार्यात एम.ए. केलं तेव्हा आम्हाला 'गृहभेट' शिकवली होती. गृहभेट कशी घ्यावी, काय विचारावं, काय नोंदवावं, सगळं शिकवलं. ती कितीला घ्यावी हे कुणी शिकवलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात काम सुरू केल्यावर कळलं की सगळा प्रश्न वेळेचाच आहे. दुपारी बारा वाजता वाडीत गेलं तर घरात सापडते ती म्हातारी सासू. सून लावणीला गेलेली, नाहीतर आंब्याच्या बागेत, काजूच्या कारखान्यात, रस्त्याच्या कामावर. चिरेखाणीवर विजापूरकडून आलेल्या बाया तर उजेड असेपर्यंत मान वर करत नाहीत. बाई मोकळी होते ती रात्री नऊनंतर, भांडी घासून झाल्यावर. घरचा पुरुष मुंबईला असला तर जरा आधी, आणि घरात दारू पिऊन बसला असला तर कधीच नाही.

आणि आम्ही? आम्ही संध्याकाळची शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून साडेचारपासून घड्याळ बघणार. पाच वर्षं आमच्या अहवालांत 'भेटी' वाढत गेल्या आणि खरं बोलणं मात्र कमीच झालं. हे कबूल करायला मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

मग मुक्काम का नाही केला, असं तुम्ही म्हणाल. केला. गावात मुक्काम म्हणजे कुणाच्या तरी घरी. कुणाच्या? ज्याचं घर मोठं, ज्याच्याकडे पाहुण्यांना वेगळी खोली, त्याच्या. म्हणजे बहुतेक वेळा गावच्या पुढाऱ्याच्या नाहीतर त्याच्या भावकीतल्या कुणाच्या. एका गावात आम्ही अशाच एका घरी राहिलो. माणसं प्रेमळ होती, रात्री माशाचं कालवण केलं होतं. दुसऱ्या दिवशी वाडीतली एकही बाई आमच्याशी बोलेना. महिन्याभरानं एकीनं कारण सांगितलं. जिला आम्हाला काही सांगायचं होतं तिला मारणारा माणूस त्या घरातला पुतण्या होता. "तुम्ही त्यांचं मीठ खाल्लंत, आता आमचं काय ऐकणार?" असं ती म्हणाली. तिचं काय चुकलं?

तालुक्याच्या गावी लॉजवर उतरायचं ठरवलं, तर एका ठिकाणी काउंटरवरच्या माणसानं आम्हा दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि "बरोबर जेन्ट्स नाही का? मग खोली नाही," असं सांगितलं. ओळखपत्र दाखवलं, संस्थेचं पत्र दाखवलं, उपयोग झाला नाही. ती रात्र आम्ही स्टँडच्या बाकावर बसून काढली. पहाटेपर्यंत दोघींनी पाणी प्यायलं नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको.

तर प्रश्न असा आहे. बाईनं बाहेर काम करावं असं आता सगळेच म्हणतात. सरकार म्हणतं, संस्था म्हणतात, घरचेसुद्धा पगारापुरते म्हणतात. पण बाहेर तिला निजायला जागा, संडास आणि आतून बंद होणारं दार मिळणार नसेल, तर तिला बाहेर पाठवलेलंच नाही. तिला फक्त दिवेलागणीपर्यंत सोडलं आहे. दावं लांब केलं म्हणून कुणी सुटत नाही.

पुरुषांना हे दिसत नाही, कारण त्यांची सोय आधीच झालेली असते. आपल्याकडे गावोगाव एस.टी.ची वस्तीची गाडी असते. संध्याकाळी येते, रात्री गावात थांबते, पहाटे निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच आडवे होतात, नाहीतर देवळात, शाळेच्या ओट्यावर. सकाळी ओढ्यावर आंघोळ. हालच आहेत ते, नाही म्हणत नाही. पण त्याच गाडीवर बाई कंडक्टर असेल तर ती कुठे झोपेल? १७ मार्च २०२३ पासून राज्यात एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं, त्या अर्ध्या तिकिटावर कितीतरी जणी माहेरी गेल्या, दवाखान्यात गेल्या. पण तिकीट अर्धं झालं तरी रात्र होती तेवढीच राहिली. उतरल्यावर कुठे जायचं, हे त्या तिकिटावर छापलेलं नसतं.

म्हणून आम्ही खोली बांधायला घेतली.

मेस्त्रींकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "मिस्टर येणार का माप द्यायला?" आम्ही माप स्वतः घेऊन गेलो होतो. आठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, आत आमच्यातली सर्वांत उंच बाई मान न वाकवता उभी राहील एवढी उंच. एक इंची चौकोनी लोखंडी पाइपचा सांगाडा, खाली बारा मिलिमीटरचं प्लायवूड, भिंतींना पातळ प्लायवूड आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. मेस्त्री जाड पत्रा घ्या म्हणत होते, "मजबूत होईल." पण इथे मजबुतीइतकंच वजन बघावं लागतं. गाडी किती भार उचलते ते नोंदणी पुस्तकात असतं. त्यातून खोली, पाणी, सामान सगळं वजा जातं. आमची रिकामी खोली साडेतीनशे किलोच्या आसपास आहे. छपराला एका बाजूला उतार दिला, कारण कोकणातला पाऊस सपाट छपराला माफ करत नाही. आणि खाऱ्या हवेसाठी प्रत्येक वेल्डवर रेड ऑक्साइडचे दोन हात मारले.

चुका झाल्या, त्याही सांगते, म्हणजे तुमच्या होणार नाहीत. पहिल्यांदा आम्ही पाण्याची टाकी वर बसवली होती, म्हणजे नळाला पाणी आपोआप उतरेल. घाटात पहिल्याच वळणाला गाडी अशी झुकली की चालवणारी सहकारी पांढरी पडली. टाकी खाली घेतली, मागच्या चाकांच्या पुढे. आता हातपंपानं पाणी काढतो. पाय उचलताना एक कोपरा पूर्ण आणि मग दुसरा, असं केलं तर सांगाडा पिळवटतो; चारही जॅक थोडे थोडे, पाळीपाळीनं फिरवायचे. पायांमधलं अंतर गाडीच्या रुंदीपेक्षा जास्त हवं, नाहीतर गाडी खालून निघणारच नाही. गाडी निघाली की खोली पुन्हा शक्य तेवढी खाली आणायची. उंच पायांवर ठेवली तर वाऱ्यानं डुलते. पायांखाली फळ्या घालायच्या, पावसात लाल मातीत पाय रुततात. स्वयंपाक आत करायचा नाही. गॅस जड असतो, तळाशी साचतो. म्हणून भिंतीत वर आणि खाली दोन्हीकडे जाळी ठेवली आहे. संडास म्हणजे झाकणाची बादली आणि प्रत्येक वेळी वरून मूठ-दोन मुठी लाकडाचा भुसा. सॉ मिलमध्ये पोतंभर भुसा मिळतो. वास येत नाही. खोटं वाटत असेल तर येऊन बघा.

पण सर्वांत मोठा वाद झाला तो कडीवरून. खोली तयार झाली म्हणून बघायला गेलो तर दाराला बाहेरून भक्कम कडी-कोयंडा आणि आतून काहीच नाही. मेस्त्री म्हणाले, "गाडीवरच्या पेटीला बाहेरूनच कडी असते, ताई. माल चोरीला जाऊ नये म्हणून." ते चुकीचं बोलत नव्हते. मालाला आतून कडी लागत नाही. पूर्वीच्या मेण्याला पडदा असायचा, तोही आतल्या बाईला जग दिसू नये आणि जगाला ती दिसू नये म्हणून. दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं हे बाईनं ठरवायचं, अशी पेटी त्यांनी आयुष्यात बनवली नव्हती. आम्ही उभ्या उभ्या आतली कडी बसवून घेतली. काम झाल्यावर त्यांनी ती स्वतः चार वेळा लावून बघितली आणि म्हणाले, "आमच्या न्हाणीला पण अशी करायला हवी. पोरगी सारखी सांगते."

कायद्याचं म्हणाल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून आम्ही गाडी कापली नाही की तिला काही जोडलं नाही. खोली हा तिच्यावर बांधलेला, उतरवता येणारा भार आहे. तरीही आपापल्या आर.टी.ओ.त विचारल्याशिवाय हातोडी उचलू नका. गाडी चालताना खोलीत कुणीही बसत नाही, हा आमचा पहिला नियम. चालवायला वेगळा मोठा परवाना लागेल ही भीती मात्र सोडा. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा पक्कं केलं. आमच्यातल्या दोघींनी तो काढला.

मालगाडीच्या मागे माणसं बसवू नयेत, हा नियम आम्ही पाळतो. पण रोज सकाळी टेम्पोच्या मागे उभ्यानं कामावर नेल्या जाणाऱ्या बाया तुम्ही बघता ना? त्यांच्यासाठी तो नियम कोण पाळतं?

आणि उतरवता येणारी खोली ही आमची अक्कल नव्हेच. महाराष्ट्रातली सर्वांत मोठी फिरती वस्ती दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडून साखरपट्ट्यात येते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पोरं, आणि कोपीचं सामान: बांबू, ताडपत्री, चट्या. उतरलं की उभी करायची, हंगाम संपला की मोडायची. त्या कोपीला दार नसतं, कडी नसते, संडास नसतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', उचल घेतलेली, एक दिवस कामावर नाही आलं की खाडा. पाळी आली तरी खाडा परवडत नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी आली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. याची कारणं अनेक आहेत, डॉक्टरांचा धंदा आहे, उचलीचं कर्ज आहे. पण मला विचाराल तर त्या यादीत न्हाणीघर नसणं आणि दाराला कडी नसणं हेही लिहा. बाईच्या शरीराला जागा द्यायची नाही, मग शरीराचा जो भाग अडचणीचा तोच काढून टाकायचा, असा हा हिशेब आहे.

याच राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीत बिछाना, गाडीत संडास, गाड्या उभ्या करायला पाणी-विजेची सोय असलेले तळ. पर्यटकानं समुद्रकाठी निवांत झोपावं याला माझी हरकत नाही. आमच्या किनाऱ्यावर या, घावणं खा. पण म्हणजे चाकांवर बिछाना आणि संडास बसवता येतो, हे सरकारला माहीत आहे. त्यासाठी धोरण लिहिता येतं, हेही माहीत आहे. फक्त तो सहलीला निघालेल्यासाठी लिहिला जातो, कामाला निघालेलीसाठी नाही. पुण्यात २०१६ पासून भंगारातल्या बसगाड्यांची बायकांसाठी स्वच्छतागृहं करून दाखवली गेली. म्हणजे कारागिरीही आहे आणि भंगारही आहे. नाही ती इच्छा.

आता आपल्यातल्या आक्षेपांकडे येते.

पहिला आक्षेप: कार्यकर्तीनं लोकांत राहावं, त्यांच्या घरचं खावं, वेगळी खोली घेऊन फिरणं म्हणजे लोकांपासून तुटणं. हे मला पटायचं. चळवळीतल्या थोरांनी असंच काम केलं, हे आपण आदरानं सांगतो. पण गावोगाव मुक्काम करणाऱ्या त्या कार्यकर्त्यांच्या भाकऱ्या कोण थापत होतं? रात्री अकराला आलेल्या पाहुण्यासाठी चूल पुन्हा कुणी पेटवली? आम्ही स्वतःची चटणी-भाकरी घेऊन जातो तेव्हा वाडीतल्या एका बाईचं एक रात्रीचं काम वाचतं. मग ती भांडी आटपून आमच्याकडे येऊन बसते, पाहुणी म्हणून. आम्ही तिला चहा देतो. लोकांत राहणं यालाच म्हणतात ना?

दुसरा आक्षेप पैशाचा. खोलीला एक लाख दहा हजार लागले, त्यातले निम्मे बायकांच्या वर्गणीतून. एका देणगीदारांनी आधी सांगितलं होतं की गाडीवर मोठा फलक आणि ध्वनिक्षेपक असेल तर पैसे देऊ. बिछाना आणि संडास 'प्रकल्पात बसत नाही'. बायकांच्या हक्कांची घोषणा प्रकल्पात बसते, ती देणाऱ्या बाईनं लघवीला कुठे जावं हे बसत नाही. ते पैसे आम्ही घेतले नाहीत.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. आपण आपल्या खोल्या बांधू लागलो तर सरकार आणि मालक सुटतील. "तुमची सोय तुम्ही केलीत ना, झालं तर." ही भीती मलाही आहे. म्हणून मी म्हणते, ही खोली उपाय म्हणून मिरवू नका, पुरावा म्हणून दाखवा. एका वेल्डिंगच्या दुकानात चार बायकांनी दोन महिन्यांत जे केलं, ते साखर कारखाना, रस्त्याचा कंत्राटदार, आरोग्य खातं का करू शकत नाही, हे खोलीसमोर उभं राहून विचारा. राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरीदेवी सरकारच्याच कार्यक्रमात साथिन होत्या. बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कायदा. त्या कायद्यात कामासाठी जिथे जावं लागतं ती जागा, आणि मालकानं दिलेलं वाहनसुद्धा, कामाचं ठिकाण धरलं आहे. मग रात्री बाळंतिणीला दवाखान्यात घेऊन येणारी आशाताई उरलेली रात्र व्हरांड्यात काढते, ते तिच्या कामाचं ठिकाण नाही का? तिथे कडी कुणी बसवायची?

शेवटी एका रात्रीचं सांगते. गावाचं नाव सांगत नाही, खुणाही बदलल्या आहेत. अंगणवाडीसमोर, दिव्याखाली, ग्रामपंचायतीला सांगून खोली उतरवली होती. आम्ही आडरानात कधी उभी करत नाही. कडी असली तरी शेजार लागतोच. साडेअकराला दार वाजलं. एक बाई, कडेवर पोर, कपाळातून रक्त. चालवणारी सहकारी शेजारच्या मावशींना बरोबर घेऊन पोलीसपाटलांकडे आणि तिथून औषधाला गाडी घेऊन गेली. खोली होती तिथेच राहिली. उतरवता येणारीच हवी, असा आमचा हट्ट का होता ते त्या रात्री कळलं: गाडी धावायला मोकळी आणि दार लावून बसायला खोली मोकळी. नवरा आला, पत्र्यावर थापा मारल्या, शिव्या दिल्या, गेला. ती मला म्हणाली, "कडी मी लावू?" मी म्हटलं, लाव. तिनं लावली, ओढून बघितली, आणि पोराला घेऊन झोपली.

सकाळी ती घरी परत गेली. हो, परत गेली. आम्ही कुणाची सुटका केली असा दावा नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं त्याच घरात राहण्याचा तिला हक्क आहे, हे तिला त्या रात्री सांगितलं. दोन महिन्यांनी आमची खोली पुन्हा त्या गावात उतरली तेव्हा ती आपण होऊन आली. अर्ज कसा लिहायचा, एवढंच विचारायला. आणि जाताना म्हणाली, "घरातल्या खोलीला पण आतून कडी बसवलीय, बाय. माझ्या पैशानं."

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी 'गाडीवरचा बंगला' म्हणून हसलं तर हसू नका. विचारा, तुमच्या संस्थेत, कारखान्यात, कार्यालयात रात्री थांबणाऱ्या बाईला निजायला जागा कुठे आहे? संडास किती पावलांवर आहे? आणि दाराला कडी कुठल्या बाजूनं आहे? आपापल्या तालुक्यात ही तीन प्रश्नांची पाहणी करा आणि उत्तरं इथे लिहून पाठवा. ज्यांना खोलीचा आराखडा हवा आहे त्यांना तो आम्ही फुकट देऊ. मापं आमची, चुकाही आमच्या. कडी मात्र विसरू नका. ती आतून.